तीन डॉलर पंचवीस सेंट

टॅनर्स फॉल्समध्ये कोण कुठं राहायला आलं
ते पोस्टमनच्या आधी मला कळतं.
हार्डवेअरच्या दुकानात मी किल्ल्या कापतो,
एकोणीस वर्षं झाली,
रंगाचे डबे आणि उंदरांचे सापळे यांच्या मधल्या कोपऱ्यात.
एक किल्ली मागितली की एकटा माणूस.
दोन मागितल्या की लग्न, किंवा तसलंच काही.
कुणी आकडे दाबायचं कुलूप मागितलं
की समजायचं, घर विकलं गेलं,
आता शनिवार-रविवारची माणसं येतील बर्फावर घसरायला.
त्या कुलपाला किल्ली लागत नाही.
या हिवाळ्यात तशी अकरा विकली. मीच.

मी स्वतः ऑक्टोबरपासून बहिणीच्या गॅरेजात.
घरमालक वारला,
त्याच्या मुलानं फार सभ्य पत्र पाठवलं,
'कळवण्यास खेद होतो' असं दोनदा लिहिलेलं.
लॉरेनचा नवरा काही बोलत नाही.
फक्त सकाळी, बाहेर राहिलेल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ
जरा जोरात खरवडतो.

गावात भाड्याला जागा तीन.
नदीकाठचं तळघर, साडेआठशे:
भिंतीवर पुराची रेघ माझ्या छातीपर्यंत,
आणि एजंट सगळा वेळ त्या रेघेला पाठ लावून उभा.
खाणीपलीकडचा ट्रेलर स्वस्त,
पण तिथं चढ आहे, आणि माझी गाडी दुसऱ्या गिअरवर रुसते.
तिसरी बेकरीच्या वर, पेल्कीबाईंची.
दोन खोल्या, खिडकीत टेकडी,
पहाटे चारला भट्टी पेटली की
पायाखालची फळी कोमट होते म्हणे.
अकराशे.
पहिला महिना, शेवटचा महिना, अनामत,
म्हणजे दार उघडायच्या आधीच तेहतीसशे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण अंथरूण टाकायला आधी जमीन लागते
आणि जमिनीला अनामत.

रंगाच्या नमुनापट्टीच्या पाठीवर हिशेब मांडला
('दुधी पहाट' नावाचा रंग, कुणी घेत नाही).
तेल. गाडी. दाताचा हप्ता.
दात काढूनच टाकला तर साठ वाचतात.
दुपारचं जेवण खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.
खाली तेच: दोनशे दहा कमी.
पेल्कीबाई म्हणाल्या, "वेंडल, शुक्रवारपर्यंत थांबते."
थांबल्या त्या.
फोन मीच केला नाही.

मंगळवारी एक मुलगी आली.
वृद्धाश्रमातला निळा गणवेश, खांद्यावर झोपलेलं पोर,
पोराच्या एकाच पायात बूट.
काउंटरवर तिनं किल्ली ठेवली,
पितळी, डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.
ओळखली.
त्या दिवशी जिना चढताना
पेल्कीबाईंच्या बोटात हीच वाजत होती.

"दोन करा," ती म्हणाली.
मग पर्समध्ये बोटं फिरवून, "नाही, एकच."
यंत्र किंचाळलं, पोर उठलं नाही.
कडा घासल्या, नक्कल मूळ किल्लीला लावून
दिव्यासमोर धरली.
केसाइतकी चुकली तरी माणूस
सामानासकट जिन्यावर उभा राहतो.

दुसरी कुणासाठी, मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, "आईला हवी होती. माझी रात्रपाळी असते."

दुसरीही कापली. पावतीवर एकच लिहिली.
म्हटलं, थंडीत ते दार फुगतं,
ढकलायचं नाही, आधी थोडं वर उचलायचं.
तिनं पाहिलं माझ्याकडे.
"तुम्हाला काय माहीत?"
"जुनी दारं," मी म्हणालो, "सगळी सारखीच."

संध्याकाळी बाह्यांवरचा पितळेचा भुसा झटकला.
जाताना कामगारांच्या सवलतीत
बर्फ खरवडायची एक चांगली पट्टी घेतली,
लांब दांड्याची,
लॉरेनच्या नवऱ्यासाठी.